पहिलीत दोष काय

प्लेगच्या चौथ्या वर्षी अर्ध्या गिरगावाने घरांना कुलपं लावली आणि गावाला पळ काढला. ज्याला जमेल तो प्लेगपासून लांब जात होता. मी मात्र रोज सकाळी जेवून, कपाळाला गंध लावून, थोडं घोड्यांच्या ट्राममधून आणि पुढे पायी असा प्लेगकडेच जात होतो. परळला एका जुन्या बंगल्यात प्लेगची लस तयार करण्याचं काम चालायचं आणि तिथे मला मदतनिसाची नोकरी लागली होती. आधी मी एका औषधांच्या दुकानात बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत असे. इथेही तेच काम होतं, फक्त बाटलीतला माल जिवंत होता.

काम असं असायचं. बोकडाच्या मांसाचा रस्सा काढायचा, तो गाळून गाळून पाण्यासारखा नितळ करायचा, काचेच्या चंबूत भरून कडकडीत उकळायचा. निवला की वर साजूक तुपाचे चार थेंब सोडायचे आणि मग त्यात जंतू पेरायचे. तुपाच्या थेंबांना धरून ते खाली वाढत जात, छताला जळमटं लोंबावीत तसे. त्यांच्या आवडीनिवडी मला तोंडपाठ झाल्या होत्या. ऊब फार झाली तर मरतात, कमी झाली तर झोपतात. रस्सा आंबट झाला तर तोंड लावत नाहीत. चंबूला धक्का लागला तर सगळे तळाशी जाऊन बसतात. आणि फार दिवस तसेच ठेवले तर आपल्याच घाणीत आपण अडकून वाढायचे थांबतात. एवढे लाड माझ्या बायकोचे सासरी आल्यापासून कुणी केले नव्हते.

आमच्या घरात मांस शिजत नसे. आत्याला मी सांगितलं होतं की कचेरीत मी ‘अर्क’ काढतो. तीही शेजारच्या बायकांना अभिमानाने सांगे, ‘आमचा मुलगा अर्क काढतो हो!’ माझे आईवडील मी लहान असतानाच गेले आणि विधवा आत्याने मला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आत्या, मी आणि बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात चौथं माणूस काही येत नव्हतं.

लग्न झालं तेव्हा माझी बायको वीस वर्षांची होती. त्या काळी हे वय म्हणजे मुलगी हातची गेल्यासारखंच. तिचे वडील वारले आणि काकांना वेळ झाला नाही, म्हणून ती राहिली. म्हणूनच माझ्या वाट्याला आली, नाहीतर बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणाऱ्याला अशी मुलगी कोण देणार? ती उंच होती, कामाला चलाख होती, आणि बोलायला लागली की समोरच्याला पटकन उत्तर सुचत नसे. हा शेवटचा गुण आत्याला पहिल्याच आठवड्यात कळला आणि त्यानंतर तो दडपण्यात आला.

मूल होत नाही म्हणजे दोष बायकोत, याबद्दल चाळीत दुमत नव्हतं. माझंही नव्हतं. तिला भुलेश्वरच्या एका वैद्यबुवांचा काढा दिला. माहीमच्या पिराचा गंडा बांधला. औदुंबराला रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालायला लावल्या. रिकाम्या पोटी साजूक तूप पाजलं, ते तिला पचेना, तरी पाजलं. कुणाच्या डोहाळजेवणाला तिला बोलावत नसत आणि बोलावलंच तर ओटी भरताना मागे बसवत. शेवटी आत्याने तिला एकवीस मंगळवारांचं व्रत धरायला लावलं. निर्जळी उपास, संध्याकाळी देवीला जाऊन यायचं आणि मग एक केळं. मी काय करत होतो? मी तिला म्हणत होतो, ‘श्रद्धा ठेव, सगळं होईल.’ हे म्हणायला मला काही उपास करावा लागला नाही.

आमच्या बंगल्यात एक मराठी डॉक्टर होते. दिवसा जंतूंचं काम करायचे आणि संध्याकाळी लालबागला गिरणीतल्या माणसांसाठी छोटा दवाखाना चालवायचे. गृहस्थ फटकळ, पण शिकवण्याची हौस फार. दसरा होऊन गेला असेल. एक दिवस त्यांनी दवाखान्यातून एका रोग्याचा स्राव लावलेली काच आणली, तिला निळा रंग दिला, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली ठेवली आणि मला हाक मारली.

‘या, बघा. हे आपल्या नेहमीच्या पाहुण्यांपैकी नव्हेत.’

मी डोळा लावला. निळ्या डागांच्या आत बारीक बारीक जोड्या दिसत होत्या. वालाच्या दोन डाळिंब्या एकमेकींकडे सपाट बाजू करून बसाव्यात, तशा.

‘हे काय?’ मी विचारलं.

‘परमा,’ डॉक्टर म्हणाले. ‘बाहेरख्यालीपणाचा रोग. गिरणीतल्या एका जॉबरचा आहे. भारी नाजूक प्राणी. वाळला की मेला, गार पडला की मेला. आपल्या मटणाच्या रश्शात तर वाढतच नाही. याला माणसाचंच अंग लागतं.’

मी मान डोलावली.

‘आणि यातली मेख सांगू का?’ ते पुढे म्हणाले. त्यांना ऐकणारा मिळाला होता. ‘पुरुषाला चार दिवस जळजळ होते, तो कुठूनतरी चंदनाचं तेल आणून पितो, जळजळ थांबते. झाला बरा! मग लग्न करतो. जंतू आत दबा धरून बसलेलेच असतात. ते बायकोला लागतात. सुरुवातीला तिला काही कळतही नाही. मग एकदा ती बाहेरची होते. त्या दिवसांत गर्भाशयाचं तोंड उघडं असतं, रक्त असतं, ऊब असते. याला तेवढंच हवं असतं. तो वर चढतो. बाई तापाने फणफणते, ओटीपोट धरून पडते. ताप उतरतो. पण आतल्या नळ्या चिकटून बंद होतात, त्या कायमच्या. मूल होणार कसं? मग सगळे मिळून तिला वांझ म्हणतात.’

लग्नाआधी वर्षभर मी दोन मित्रांच्या नादाने नाटकं बघायला जायचो. नाटक सुटलं की ते मला खेतवाडीच्या पलीकडच्या गल्ल्यांत घेऊन गेले. ‘घेऊन गेले’ असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. माझे पाय मात्र माझेच होते. महिन्याभरात मला जळजळ सुरू झाली. एका वैद्याने चंदनाचं तेल दिलं, पथ्य सांगितलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘तरुणपणी व्हायचंच. आता खुशाल लग्न करा.’ मी खुशाल लग्न केलं.

आणि लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात बायको बाजूला बसली होती, तेव्हा तिला थंडी वाजून ताप भरला. ती पंधरा दिवस ओटीपोट धरून कण्हत होती. विटाळाचे पहिले चार दिवस तिला कुणी शिवलं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा लांबून सरकवला. जंतूला मात्र असली शिवाशिव नव्हती.

त्या दुपारी मी चौदा बाटल्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लावल्या. डॉक्टरांनी त्या मला काढून नव्याने डकवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बागेत गेले असताना मी स्वतःची काच तयार केली. कशी, ते सांगत नाही. रंग दिला, धुतली, वाळवली, दुर्बिणीखाली ठेवली आणि जवळजवळ तासभर बघत होतो. एकही डाळिंबी दिसली नाही. मला इतका आनंद झाला की मी जागच्या जागी हात जोडले. निर्दोष सुटलो होतो! मागून आवाज आला, ‘काही सापडलं का?’

डॉक्टर कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘काहीच नाही. स्वच्छ आहे.’

‘किती वर्षं झाली?’

मी सांगितलं.

‘मग आता नसणारच. जायचे ते गेले असतील.’ ते माझ्याकडे न बघता खिडकीची तावदानं लावू लागले. ‘तुमच्या मंडळींना लग्नानंतर ताप आला होता? ओटीपोटात दुखून?’

मी काच काढून पुसायला घेतली. त्यांनी परत विचारलं नाही. जाताना फक्त एवढं म्हणाले, ‘घरी सांगा. निदान उगाच काढे तरी पाजू नका.’

मी घरी सांगितलं नाही.

त्या वेळी माझ्याकडे कारणांची काही कमतरता नव्हती. दिवाळी तोंडावर आहे, सणासुदीला कसं सांगायचं. आत्याला धक्का बसेल. बायकोला तरी सांगून काय उपयोग, झालेलं काही परत होणार आहे का. ती एवढ्या श्रद्धेने व्रत करते आहे, ते मोडायचं पाप आपण कशाला घ्या. शेवटच्या कारणाचं तर मला स्वतःलाच कौतुक वाटलं होतं. अशा रीतीने तिच्या श्रद्धेची काळजी घेत मी मंगळवारमागून मंगळवार जाऊ दिले. संध्याकाळी ती देवळातून यायची, चक्कर येते म्हणून दाराची चौकट धरून उभी राहायची, आणि मी तिला केळं सोलून द्यायचो. तेवढं मी करत होतो.

माघात एकवीस मंगळवार संपले. काहीही झालं नाही. आत्याने महिनाभर वाट पाहिली आणि मग जाहीर केलं की आता दुसरं लग्न.

‘हिला काही टाकायची नाही,’ ती मला समजावत म्हणाली. बायको तिथेच बसून तांदूळ निवडत होती. ‘हिचं खाणंपिणं, मान, सगळं राहील. पण वंश बुडवायचा का? दादरला एक मुलगी आहे. वय उलटत चाललंय, म्हणून सवतीवर द्यायला तयार आहेत. येत्या रविवारी बघायला बोलावलंय. का गं, तुला काय वाटतं?’

‘मला काय वाटायचंय?’ बायको म्हणाली. ‘होऊ दे.’

रविवारी सकाळी तिनेच माझं धुतलेलं धोतर आणि उपरणं काढून ठेवलं. पगडीवरची धूळ झटकली. मी निघताना ती दारात आली नाही, आत काहीतरी वाटत बसली होती. पाट्यावरच्या वरवंट्याचा आवाज मला जिना उतरेपर्यंत ऐकू येत होता.

दादरला मुलीचं घर नारळाच्या झाडांत होतं, ऐसपैस, शेणाने सारवलेलं. वडील कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी मोठ्या अगत्याने बसवलं. शिरा आला, केशर घातलेलं दूध आलं. मुलगी आली, नमस्कार करून खाली मान घालून बसली. आत्याने तिला नाव, गाव, स्वयंपाक काय काय येतो ते विचारलं. मी जमिनीवरच्या रांगोळीकडे बघत होतो. मुलगी आत गेल्यावर वडील घसा खाकरून म्हणाले, ‘बाकी सगळं ठीक आहे. विचारायला नको, पण मुलीचा बाप म्हणून विचारतो. पहिलीत दोष काय?’

‘वांझ आहे,’ आत्या म्हणाली. ‘नऊ वर्षं झाली. सगळे उपाय करून झाले.’

‘अरेरे,’ ते म्हणाले.

मला वाटतं, तो ‘अरेरे’ ऐकून मला सहन झालं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. मी दुधाचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, ‘तिच्यात दोष नाही. दोष माझ्यात आहे. लग्नाआधी मला परमा झाला होता. तो तिला लागला.’

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मराठी सोडून भलत्याच भाषेत बोललो होतो. आतल्या दाराचा पडदा हलला आणि थांबला. मला वाटलं, आता हे गृहस्थ उठतील, मला दाराबाहेर काढतील, अंगणभर ओरडतील. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. अपमान झाला असता तर हिशेब फिटल्यासारखं वाटलं असतं.

ते उठले नाहीत. त्यांनी पुढे सरकून आवाज खाली आणला.

‘औषध घेतलंत ना तेव्हा?’

‘घेतलं.’

‘आता काही त्रास?’

‘नाही.’

‘मग झालं तर!’ त्यांनी सुस्कारा सोडला. ‘अहो, तरुणपणी कुणाला होत नाही? तुम्ही उगाच मनाला लावून घेता. सरळ माणूस आहात, सांगितलंत, मला आवडलं. शिरा घ्या ना अजून.’

आणि त्यांनी खरोखरच माझ्या ताटलीत आणखी शिरा वाढला.

आयुष्यात एकदाच मी चारचौघांत खरं बोललो होतो, आणि त्याबद्दल मला एक मुलगी आणि वर शिरा मिळत होता. मी उठलो, हात जोडले आणि म्हणालो, ‘मला हे लग्न करायचं नाही. तुमच्या मुलीला सांगा, माझ्यापासून सुटली.’ मग आत्याला घेऊन बाहेर पडलो. मागून ते म्हणत होते, ‘अहो, घाई करू नका, विचार करून कळवा!’

आत्या घरी आली, पाय धुतले आणि देवासमोर जाऊन बसली. मी आतल्या खोलीत गेलो. बायको अजून चटणी वाटत होती. एवढी चटणी आम्हाला महिनाभर पुरली असती.

‘ठरलं?’ तिने विचारलं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मित्र, गल्ल्या, चंदनाचं तेल, तिचा ताप, डॉक्टरांची काच. सांगताना मी मध्येमध्ये थांबत होतो, ती रडेल म्हणून. ती रडली नाही. वरवंटा धरून तशीच बसली होती.

‘मी तापाने पडले होते,’ शेवटी ती म्हणाली, ‘तेव्हा तुम्हाला माहीत होतं?’

‘नाही. देवाशपथ नाही. मला वाटलं होतं मी बरा झालोय.’

‘मग कळलं कधी?’

‘दसऱ्यानंतर.’

ती बोटं मोजू लागली. चटणीने माखलेली बोटं, एकेक पेर मोजत. मला आधी कळेचना ती काय मोजते आहे.

‘दसऱ्यापर्यंत माझे सात मंगळवार झाले होते,’ ती म्हणाली. ‘राहिलेले चौदा तुम्हाला माहीत असताना झाले. चौदा वेळा मी पाण्याशिवाय राहिले आणि तुम्ही मला केळं सोलून दिलंत.’

तिने वरवंटा उचलून बाजूला ठेवला.

‘रोग झाला ते एक वेळ मी सोडून देईन,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला कळत नव्हतं. पण ती केळी?’

तिने हात धुतले, दंडावरचा गंडा कात्रीने कापला, वैद्यबुवांच्या काढ्याची हंडी उचलली आणि मोरीत ओतली. बाहेर आत्या जपमाळ घेऊन बसली होती, तिने सगळं पाहिलं आणि अडवलं नाही. त्या दिवसापासून बायकोने आपलं अंथरूण आत्याच्या खोलीत नेलं.

आठ-दहा दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, रागावली आहे. एकदा दुपारी ती वाती वळत होती आणि मी सुट्टी म्हणून घरी होतो. बायको नळावर गेली होती. आत्याने मान वर न करता विचारलं, ‘हा तुमचा जंतू नवा निघालाय, की आधीपासून होता रे?’

‘आधीपासूनच असणार,’ मी म्हणालो. ‘दुर्बिणीतून दिसायला आत्ता लागला.’

‘म्हणजे आमच्या वेळीही असेल.’

‘असेल.’

तिने आणखी दोन वाती वळल्या. ‘लग्न झाल्यावर मलाही असाच ताप आला होता,’ ती म्हणाली. ‘ओटीपोटात आग आग व्हायची. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. पुढे अकरा वर्षं मी सोळा सोमवार केले, नारळ फोडले, जमिनीवर जेवण वाढून घेऊन जेवले. तुझे आतोबा हसायचे. म्हणायचे, नशिबात नाही तुझ्या.’ तिने हातातली वात खाली ठेवली. ‘हसायचे रे ते.’

मी तिच्या पायाशी बसलो होतो. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. तिने वाती डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, ‘सूनबाईला ते बघायचं असेल तर दाखव एकदा.’

सूनबाईला बघायचंच होतं. तिने ते दुसऱ्याच दिवशी मला बजावून सांगितलं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा मला वाटलं ते नाही म्हणतील; त्यांनी उलट रविवारी या म्हणून सांगितलं. बायको नऊवारी नीट नेसून, डोक्यावर पदर घेऊन परळच्या बंगल्यात आली. चंबू, उबेची पेटी, तुपाचे थेंब, लोंबणारी जळमटं, तिने सगळं पाहिलं. तुपाचा चंबू बघताना तिने माझ्याकडे एकदा नजर टाकली. मी नजर चुकवली.

डॉक्टरांनी ती जुनीच रंगवलेली काच लावून दिली. तिने पदर सावरून डोळा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

‘एवढंसंच?’

‘एवढंच,’ डॉक्टर म्हणाले.

‘बाईला सुरुवातीला कळत नाही, असं हे म्हणत होते.’

‘बऱ्याचदा नाही कळत.’

‘आणि पुरुषाला कळतं. दुखतं, जळजळतं.’

‘हो.’

‘म्हणजे घरात कळणारा माणूस एकच,’ ती म्हणाली, ‘आणि तोच गप्प बसतो.’ मग तिने विचारलं, ‘मला आता मूल होईल?’

डॉक्टरांनी नेहमीसारखं फटकन उत्तर दिलं नाही. ‘मला वाटत नाही,’ ते म्हणाले. ‘नळ्या एकदा चिकटल्या की उघडत नाहीत. पण हे तुमच्या हातून झालेलं नाही, एवढं मी लिहूनसुद्धा देतो.’

‘लिहून नको,’ ती म्हणाली. ‘मी तोंडाने सांगेन.’

आणि तिने सांगितलं. नळावर. आमच्या चाळीत चार मजल्यांना मिळून एक नळ होता. एका बाईने तिला सहानुभूतीने विचारलं, ‘अगं, दादरचं स्थळ फिसकटलं म्हणे? म्हणजे आता तुझंच पोट पिकायची वाट बघायची.’ तेव्हा माझी बायको घागर खाली ठेवून म्हणाली, ‘माझं पोट पिकायचं नाही. ह्यांना लग्नाआधी परमा झाला होता, तो मला लागला. हे स्वतः कबूल झालेत.’

बातमी चार मजले चढायला घागर भरण्याइतकाही वेळ लागला नाही. संध्याकाळी चाळीतले तीन प्रतिष्ठित गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना परम्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की बायकोने असला शब्द चारचौघींत उच्चारणं चाळीच्या अब्रूला शोभत नाही, आणि मी तिला आवरावं. ‘काय आवरू?’ मी म्हणालो. ‘ती खोटं बोलली नाही.’ त्यातले एक जण पुढे दोन-तीन वर्षं जिन्यात माझी वाट चुकवत. आधी मला वाटलं, माझी किळस येते. पुढे त्यांच्या बायकोने माझ्या बायकोला जे विचारलं, त्यावरून मला कळलं की ते माझी नव्हे, स्वतःच्या जुन्या परम्याची वाट चुकवत होते.

कारण बायका येऊ लागल्या. दुपारी, पुरुष कामावर गेल्यावर. आधी एक, मग दोन. माझी बायको त्यांना पाणी द्यायची, पाट द्यायची आणि त्या जे बोलत ते ऐकून घ्यायची. ताप कधी आला, दुखतं कुठे, नवऱ्याने कधी औषध घेतलं होतं का. ती काही औषध देत नसे. लालबागच्या दवाखान्याचा पत्ता सांगे, आणि नवऱ्यालाही बरोबर घेऊन जा असं बजावी. दुसऱ्या गोष्टीपाशी काम अडायचं. आत्या भिंतीला टेकून जपमाळ ओढत असायची. एकदा एक बाई म्हणाली, ‘पुरुषाला हे कसं विचारायचं?’ तेव्हा आत्या माळ न थांबवता म्हणाली, ‘विचार. मी विचारलं नव्हतं.’

समोरच्या खोलीतल्या बाईंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलगा गोदीवर कारकून, देखणा, सायंकाळी अत्तर लावून बाहेर पडणारा. बाई दोन दिवस घुटमळल्या आणि मग आल्या. त्यांनी मुलाला काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, आम्हाला माहीत नाही. दोन घरांमधल्या भिंती पातळ असूनही त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. पण लग्न सहा महिने पुढे गेलं. मुलीकडच्यांना सांगितलं की मुलाच्या राशीला ग्रह वाईट आहे. डॉक्टरांनी त्या मुलाला आठवड्यातून तीनदा बोलावून पिचकारीने औषधाच्या पाण्याने आतून धुतलं आणि तीन वेळा काच कोरी निघाली तेव्हाच सोडलं. ग्रह टळला तो असा.

लग्न आमच्याच चाळीत झालं. वर्षभराने त्या सुनेचं डोहाळजेवण होतं, तेव्हा बाई स्वतः आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, ‘पहिली ओटी तू भरायचीस. कोण काय म्हणतं ते मी बघते.’

बायको हो म्हणाली. हिरवं लुगडं काढून ठेवलं, नारळ आणला, खण आणला. पण नेमकी त्याच दिवशी सकाळी ती बाजूला बसली आणि तिचं ते दुखणं सुरू झालं. ते दर महिन्याला व्हायचं, त्यावर डॉक्टरांकडेही फारसा उपाय नव्हता. पलीकडच्या खोलीत बायकांची गाणी चालली होती. आत्या नारळ घेऊन तिच्या ऐवजी गेली. चाळीच्या इतिहासात विधवा बाईने ओटी भरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी आत्याने भरली आणि समोरच्या बाईंनी भरू दिली.

मी चूल पेटवली, वीट तापवली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि बायकोजवळ जाऊन बसलो. शिवायचं नाही, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. वीट मी तिच्या ओटीपोटावर धरून ठेवली. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘जरा खाली धरा.’ मी खाली धरली.